चप्पल लाइनीतली कापशी: वेळ असेल तरच

नाताळच्या उपासनेला वायल्डर मेमोरियल चर्चमध्ये घालून जायला कानवाली कापशी (कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार) हवी होती, म्हणून कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत एका जुन्या कारागिराकडे माप दिलं. "पावणं, घाई असंल तर तयार जोड घेऊन जावा," मामांनी तोंडावरच सांगितलं.

बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, लोखंडी खिळा नाही, शिवण चामड्याच्या वादीची. आरी टोचायची, वादी ओवायची, ओढून ताणायची. बघत बसलं की चहा गार. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तरी बाजारात यंत्रावरचा माल भरपूर आहे, तळ उलटा करून शिवण बघा.

तारीख अर्थातच टळली. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट बघणारा शेतकरी आहे, तो नाताळाआधीच्या आगमनकाळात आम्ही दरवर्षी ऐकतो. पण त्याला कुणी 'उद्या नक्की' म्हणून फिरवत नव्हतं! तरी आवाज न चढवता नवी तारीख कागदावर लिहून मागितली. दिली, आणि पाळलीही.

वेणी अप्रतिम. डावा अंगठा सुरुवातीला चावतो, खोबरेल लावा. फोन उचलत नाहीत, समक्षच जावा.