पाणलोटाचा आराखडा: चर मोजायचे, पाणी मोजायचं की वाटे ठरवायचे?

गावात पाणलोटाचं काम काढायचं ठरलं की पहिल्याच ग्रामसभेत यादी तयार होते: उताराला आडवे इतके मीटर सलग समतल चर, इतके माती नाला बांध, ओढ्याचं इतकं खोलीकरण. यादी चुकीची नसते. पण पंधरा वर्षांनी गावात काय असायला हवं, हे तिच्यात कुठेच नसतं. राज्यात हे ध्येय वेगवेगळ्या मापांत मांडून झालं आहे. आराखड्याला बसलेल्या सरपंचांनी आणि सदस्यांनी यादीआधी ती मापं शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

सगळ्यात सोपं माप कामांचं. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाचं ध्येय मोठं होतं: दरवर्षी पाच हजार गावं आणि २०१९ पर्यंत टंचाईमुक्त महाराष्ट्र. गावपातळीवर मात्र हिशोब राहिला तो किती कामं झाली आणि किती टीसीएम साठा तयार झाला याचा. (एक टीसीएम म्हणजे दहा लाख लिटर.) ९,६०० कोटींहून जास्त खर्च झाल्यावर, भूजल वाढवण्यात आणि गावं पाण्याबाबत स्वयंपूर्ण करण्यात फारसं यश आलं नाही, असं कॅगने, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, २०२० च्या अहवालात नोंदवलं. या मापाचा फायदा खरा आहे. निधी येतो, यंत्रणा येते, वर्षाच्या आत काहीतरी दिसतं. पण बांधाखालच्या विहिरीला पाझर लागला की त्या शेतकऱ्याने ऊस लावायचा की ज्वारी, यावर ते गप्प असतं.

आणि सगळं अडतं तिथेच. साधा हिशोब करून पाहा. दीड हजार वस्तीच्या गावाला माणशी रोज ५५ लिटर धरले तर वर्षाला साधारण तीन कोटी लिटर पाणी लागतं. पाटाने भिजवलेला ऊस हेक्टरी दोन कोटी लिटर सहज पितो. म्हणजे दीड हेक्टर ऊस आणि अख्खं गाव यांची तहान सारखीच. त्यात आपला बहुतेक भाग बेसॉल्टचा. कातळाच्या भेगांत आणि मुरमात मावेल तेवढंच पाणी मावतं. शिवारात आणखी वीस बांध घातले म्हणून ती जागा वाढत नाही.

दुसरं माप स्पर्धेचं. पानी फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेचा वॉटर कप, म्हणजे गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा, २०१६ मध्ये वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाला. उन्हाळ्यातले पंचेचाळीस दिवस, प्रशिक्षण घेतलेले गावकरी, पहाटेचं श्रमदान आणि शेवटी गुण. वर्षानुवर्षं न बोलणारी भावकी एका चरात उतरते, हे कुठल्याच सरकारी योजनेला जमलेलं नाही. पण पंचेचाळीस दिवसांत पाणी अडवता येतं, पीकपद्धत बदलता येत नाही. खुद्द आयोजकांनीही २०१९ नंतर वॉटर कप थांबवून अठरा महिन्यांची समृद्ध गाव स्पर्धा आणली, तीत पाण्याच्या वापरासोबत माती, गवत आणि कुटुंबाचं उत्पन्नही घेतलं, आणि पुढे फार्मर कपमध्ये शेतकरी गटांकडे वळले. मला या सगळ्या प्रवासातली ही सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. तेव्हा स्पर्धेकडे माणसं गोळा करण्याचं साधन म्हणून पाहावं. ध्येय तिच्याकडून उसनं घेऊ नये.

तिसरं माप हिवरे बाजारचं. नगर तालुक्यातलं, जेमतेम ४०० मिलिमीटर पावसाचं हे गाव. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, १९९४ मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आलं. योजनेची अटच अशी की पैशाआधी ग्रामसभेने बंधनं मान्य करायची: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान, आणि पुढे लोटाबंदी (उघड्यावर शौचाला न जाणं) व बोअरवेलबंदी. म्हणजे ध्येय ‘काय बांधू’ यापेक्षा ‘काय करणार नाही’ अशा भाषेत आलं. सिंचनासाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. पावसाळा संपला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं. आधी माणसं आणि जनावरं, मग उरेल त्यावर रब्बी. पाऊस कमी तर पेरा कमी.

दौऱ्यावर गेलेली मंडळी तिथले बांध पाहून येतात. खरं तर पाहायचा असतो तो ताळेबंदाचा फळा. बंधनांची किंमतही समजून घ्या. चराईबंदीचा पहिला फटका शेळ्या राखणाऱ्या घराला बसतो, बोअरबंदीचा बोअर नसलेल्याला. ज्याने आधीच पाडून ठेवलेत तो मजेत राहतो. शिवाय हिवरे बाजारला एकच नेतृत्व दीर्घकाळ मिळालं. तुमच्याकडे पाच वर्षांनी सरपंचपदाचं आरक्षण बदलणार असेल, तर बंधनं कुणा एकाच्या शब्दावर टांगून ठेवता येणार नाहीत.

चौथं माप आता फारसं कुणी काढत नाही: वाटे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यायचं नाही, माणसांच्या प्रमाणात द्यायचं: माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जात नाही. ऊस बंद. खर्चाचा वीस टक्के भार लाभार्थ्यांचा. या चौघांत सर्वांत न्याय्य हेच, आणि सर्वांत अवघडही. सामाईक उपसा योजना असेल तर ते जमतं. ज्या शिवारात प्रत्येकाची विहीर आणि प्रत्येकाची मोटर आहे, तिथे वाटे पाडायला सगळ्यांच्या हातात असलेलं असं पाणीच उरत नाही.

मग घ्यायचं काय? गावात अजून बोअरचं पेव फुटलं नसेल, तर विचार करत बसू नका. हिवरे बाजारची वाट धरा आणि बोअरचा ठराव निधीच्या प्रस्तावाआधी करा. नवा पाझर तलाव किंवा सामाईक उपसा येणार असेल, तर पहिला पाइप पडण्याआधी पाणी पंचायतीसारखे वाटे लिहून काढा. पाणी वाहायला लागल्यावर कुणी आपला वाटा सोडत नाही. आणि शिवाराची चाळण आधीच झाली असेल, तर ऊसबंदीची घोषणा करून गाव फोडू नका. चार-पाच निरीक्षण विहिरी निवडा, ऑक्टोबरला आणि मेमध्ये पातळी मोजून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहा, आणि नव्या बोअरपुरताच ठराव करा. २००९ च्या भूजल अधिनियमात अधिसूचित क्षेत्रात साठ मीटरपेक्षा खोल सिंचन विहिरींना बंदी आहे, गाव त्यात येत असेल तर तिचा आधार घेता येईल. प्लास्टिकच्या शेततळ्यांचं अनुदानही याच वेळी तपासा. ती पावसाने भरणार की बोअरने, हे अर्जावरच विचारलं पाहिजे.

कोणतंही माप घेतलं तरी ठरावात दोन ओळी हव्यात: पाऊस निम्मा झाला तर कोणतं पीक आधी थांबेल, आणि थांबवणाऱ्याचं नुकसान कोण भरून देईल. दुसऱ्या ओळीवर ग्रामसभेत भांडण होईल. ते खरिपाआधी होऊ द्या.