बायोटेकची पदवी, फुगवलेलं 'सरासरी पॅकेज' आणि आमच्या डोक्यावरचं कर्ज

बायोटेक्नॉलॉजीच्या पदवीसाठी कर्ज काढायच्या विचारात असलेल्या घरांसाठी हे लिहिते आहे. आमची तक्रार अजून निकाली निघालेली नाही, म्हणून महाविद्यालयाचं नाव देत नाही. पण ज्या पद्धतीनं आम्हाला फसवलं ती पद्धत कुठेही वापरता येते, आणि वापरली जाते.

प्रवेशाच्या वेळी आमच्या हातात दोन छापील आकडे दिले गेले. शंभर टक्के प्लेसमेंट, आणि एक भलंमोठं सरासरी पॅकेज. बाबांनी विचारलं, "हे बायोटेकच्याच मुलांचं आहे ना?" समोरचा प्रवेश समुपदेशक म्हणाला, "काका, अगदी याच कोर्सचं. पहिल्या दोन वर्षांत कर्ज फिटून जाईल." बाबांनी तिथेच बसून हप्ता आणि पगार यांची जुळवणी केली. त्यांचं गणित बरोबर होतं. त्यात घातलेला आकडा खोटा होता.

तो आकडा कसा तयार झाला, हे शेवटच्या वर्षात समजलं. त्याच आवारात संगणकशास्त्राचे आणि व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम चालतात. त्या मुलांचे पगार आमच्या पगारांत मिसळून एकच सरासरी काढली होती आणि ती प्रत्येक विभागाच्या पुस्तिकेत छापली होती. सरासरी एकाच विभागाची असली तरी ती फसवू शकते. दहा जणांपैकी नऊ जणांना प्रत्येकी 3 मिळाले आणि एकाला 33, तर सरासरी 6 येते. सहा मात्र कुणालाच मिळालेले नसतात. म्हणून सरासरी विचारूच नका, मध्यक विचारा: सगळे पगार चढत्या क्रमानं मांडल्यावर बरोबर मधोमध येणारा पगार. या उदाहरणात तो 3 आहे.

शंभर टक्क्यांची गोष्ट याहून वाईट. पुढे शिकायला गेलेली मुलं आधीच यादीतून वगळली होती. प्लेसमेंटसाठी वेगळं 'प्रशिक्षण शुल्क' घेतलं जात होतं, ते ज्यांनी भरलं नाही तीही वगळली. उरली त्यांना 'नोंदणीकृत विद्यार्थी' म्हटलं आणि टक्केवारी तेवढ्यांचीच काढली. त्यातही बिनपगारी इंटर्नशिपचं पत्र म्हणजे नोकरी धरली होती. रसायनांची विक्री, मेडिकल कोडिंग (म्हणजे आजार-उपचारांच्या नोंदींना ठरलेले संकेतांक देणं), कॉल सेंटर हे सगळं त्याच यादीत होतं. ही कामं कमी दर्जाची आहेत असं मी अजिबात म्हणत नाही, माझ्या मैत्रिणी ती मन लावून करतात. पण त्यांतली बरीचशी कामं कुठल्याही पदवीवर मिळतात, आणि आमच्याकडून पैसे घेतले ते प्रयोगशाळेच्या नावानं.

पुस्तिकेतली चित्रंही आठवतात. 1982 साली जनुकतंत्रानं बनवलेल्या मानवी इन्सुलिनला मिळालेली मान्यता, 2003 साली पूर्ण झालेला मानवी जीनोम प्रकल्प (माणसाचा सगळा डीएनए वाचण्याचा), क्रिस्पर या जनुकांत बदल करण्याच्या तंत्रासाठी 2020 चं नोबेल मिळवणाऱ्या एमान्युएल शार्पेंटिए आणि जेनिफर डाउडना. सगळं खरं, आणि मला आजही भारावून टाकणारं. पण त्या दोघी पीएचडीनंतर कित्येक वर्षं संशोधनात होत्या. त्यांचे फोटो दाखवून तीन वर्षांची पदवी विकायची, हा खोटेपणा आहे. नुसत्या पदवीवर साधारणपणे मिळतं ते गुणवत्ता नियंत्रणातलं, नमुने तयार करण्याचं, उत्पादन विभागातल्या पाळीचं किंवा नोंदी ठेवण्याचं काम. त्याच जागांसाठी सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि फार्मसीची मुलंही रांगेत असतात. फार्मसीवाल्याला नोंदणी आणि परवाना मिळतो. बायोटेकच्या पदवीला तसा परवाना नाही, आणि बऱ्याच ठिकाणी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत ती चालतही नाही.

मुलाखतीत मला विचारलं, "एचपीएलसी स्वतः चालवलंय का?" मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं ते यंत्र आमच्याकडे होतं, काचेपलीकडे. डीएनएच्या प्रती वाढवणारं पीसीआरचं यंत्र एकच, त्यामुळे सर करून दाखवायचे आणि आम्ही वहीत उतरवायचो. सरांना दोष देणार नाही. 'पुढे एमएस्सी धरूनच खर्च मोजा' हे आम्हाला सांगणारे तेवढे एकटेच होते, पण तोवर कर्जाचे दोन टप्पे उचलून झाले होते.

आता कर्ज. ते मिळवून देणारा माणूस महाविद्यालयाच्याच कचेरीत बसायचा. "शिकत असेपर्यंत एक पैसाही भरायचा नाही," एवढंच तो सांगे. त्या काळात व्याज चालूच राहतं आणि पुढे मुद्दलात मिसळतं, हे त्यानं सांगितलं नाही. हिशेब मांडून दाखवते. सुरुवातीलाच 100 उचलले, व्याज वर्षाला 10 टक्के, आणि शिक्षण अधिक नोकरी शोधण्याची सवलत मिळून चार वर्षं काही भरलं नाही, तर वार्षिक चक्रवाढीनं चार वर्षांनी देणं 146.41 होतं. ते दहा वर्षांच्या मासिक हप्त्यांत फेडायचं तर हप्ता सुमारे 1.93 आणि एकूण भरणा सुमारे 232. त्याच चार वर्षांत दर वर्षीचं नुसतं व्याज भरत गेलात, तर सगळं मिळून सुमारे 199 मध्ये सुटका होते.

हप्ता झेपेना तेव्हा त्याच माणसानं "मुदत वाढवून हप्ता हलका करून देतो" म्हणून पुन्हा कागद पुढे केले. वरच्याच हिशेबात दहाची पंधरा वर्षं केली तर हप्ता 1.57 वर येतो आणि एकूण भरणा 283 वर जातो. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून मागा. लिहून देणार नसेल तर सही करू नका. सहकर्जदार म्हणून सही बाबांची आहे, त्यामुळे माझा हप्ता थकला की नोटीस त्यांच्या नावानं येते. निवृत्तीच्या तोंडावर असलेल्या माणसाला हे सोसावं लागतंय, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

लेखी तक्रारीला उत्तर आलं: आकडे 'सूचक' असल्याचं पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर नमूद आहे. आहे खरं, मुंगीएवढ्या अक्षरांत. समुपदेशकानं तोंडानं दिलेल्या शब्दाचा पुरावा आमच्याकडे नाही. म्हणून तुम्ही जे विचाराल ते ईमेलनं विचारा: मागच्या तीन तुकड्यांत फक्त बायोटेकचे किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, त्यांतल्या किती जणांना पगारी नोकरी लागली, पद कोणतं आणि मध्यक पगार किती. शिवाय त्या तुकड्यांतल्या दोघातिघांना स्वतः शोधून बोला. महाविद्यालयानं दिलेल्या फोन नंबरांवर विसंबू नका. येणारा मध्यक पगार हातात धरून त्यातून राहण्याखाण्याचा खर्च वजा करा, आणि उरलेल्यात हप्ता बसतो का ते पाहा. एमएस्सी करावीच लागणार असेल तर ती दोन वर्षंही त्याच कागदावर मांडा, कारण तेवढा काळ पगार नसतो.

जी मुलं आत्ता दुसऱ्या वर्षाला आहेत त्यांनी कर्जखात्याचा उतारा याच आठवड्यात मागवावा. त्यात चढलेलं व्याज दिसेल. शिकवण्या घेऊन, अर्धवेळ काम करून त्यातलं थोडं जरी भरता आलं तरी भरा, आणि ती रक्कम व्याजातच जमा झाल्याची पावती घ्या.