डिझेल ऑटोमॅटिक गाडीची स्टॉल टेस्ट: धुळ्यातील एका गॅरेजचा अनुभव

चाळीसगावहून कन्नड घाट चढताना माझ्या डिझेल ऑटोमॅटिक गाडीचा जोर गेल्या उन्हाळ्यापासून कमी पडू लागला होता. वळणावर वेग तुटला की पुन्हा पिकअप घ्यायला ती फार वेळ घेई. एका मोठ्या शहरातील वर्कशॉपमध्ये गाडीची एक फेरी मारून ‘टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर तेलामार्फत गिअरबॉक्सकडे पोहोचवणारा भाग) गेला आहे, बदलावा लागेल’ असे सांगण्यात आले आणि खर्चाचा अंदाज लाखाच्या वर दिला गेला. गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी दुसरे मत घ्यावे, या विचाराने मी धुळ्यात मुंबई-आग्रा महामार्गालगत असलेल्या, मुख्यतः ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे काम करणाऱ्या एका छोट्या गॅरेजमध्ये गेलो.

तेथील मिस्त्रींनी गाडीला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारला: हायवेवर ओव्हरटेक करतानाही गाडी अशीच मंद वाटते का? मंद वाटत होती, पण घाटाच्या त्रासापुढे मी त्याचा विचारच केला नव्हता. या प्रश्नाचे महत्त्व मला नंतर कळले. कन्व्हर्टरमध्ये टर्बाइनकडून (गिअरबॉक्स फिरवणाऱ्या पंख्याकडून) परतणारे तेल स्टेटरवर (मधल्या पंख्यावर) आदळून इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेने वळते, आणि त्यामुळेच जागेवरून निघताना टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जवळजवळ दुप्पट होतो. स्टेटरचा एकाच दिशेने फिरू देणारा क्लच निसटू लागला, तर हे तेल उलट इंजिनालाच अडवते आणि पिकअप मरतो. मात्र हायवेच्या वेगाला स्टेटर तसाही मोकळा फिरत असल्यामुळे तेथे गाडी ठीक चालते. माझी गाडी दोन्हीकडे कमजोर होती, म्हणजे संशयाची दिशा इंजिनाकडे वळत होती. ते आकड्यांनी ठरवण्यासाठी स्टॉल टेस्ट करायची होती.

गाडी गिअरमध्ये ठेवून, ब्रेक पूर्ण दाबून, चाके हलू न देता अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला असता इंजिन जास्तीत जास्त किती आरपीएमपर्यंत (मिनिटाला किती फेऱ्यांपर्यंत) जाते, एवढेच या चाचणीत पाहतात. धोका मात्र खरा आहे. इंजिन २१०० आरपीएमवर ३२० न्यूटन-मीटर टॉर्क देत असेल, तर सुमारे ७० किलोवॅट शक्ती चाकांकडे न जाता तेलातच उष्णता होऊन साठते. म्हणजे २ किलोवॅटचे ३५ गीझर त्या थोड्याशा तेलात एकदम सुरू केल्यासारखे होते. म्हणून पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबायचे नाही, आणि प्रत्येक वेळेनंतर न्यूट्रलमध्ये इंजिन किमान एक मिनिट चालू ठेवून तेल थंड होऊ द्यायचे.

या गॅरेजची शिस्त मला सर्वांत जास्त आवडली. माझी घाई पाहून मिस्त्री म्हणाले, “पहिले तेल तपू द्या भाऊ, मंग दखसूत (मग पाहू).” गिअरबॉक्सचे तेल चाचणीयोग्य तापमानाला येईपर्यंत त्यांनी गाडी फिरवून आणली, तेलाची पातळी, रंग आणि वास तपासला, चारही चाकांना लाकडी ठोकळे लावले, हँडब्रेक ओढला आणि गाडीच्या पुढे-मागे कोणालाही उभे राहू दिले नाही. त्याआधी त्यांनी माझ्या मॉडेलच्या दुरुस्ती-पुस्तिकेत ही चाचणी करायला परवानगी आहे का, हेही पाहिले; कारण काही नव्या गाड्यांत ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकत्र दाबले की संगणक डिझेलचा पुरवठा कमी करतो आणि आकडा खोटाच खाली येतो. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसल्याने प्लगच्या वायरवर चालणारा जुना टॅकोमीटर (आरपीएम मोजणारे यंत्र) येथे उपयोगाचा नाही, म्हणून आरपीएम आणि टर्बोचा (इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या भागाचा) दाब गाडीच्या संगणकाला जोडायच्या स्कॅनरवर घेतला गेला.

पुस्तिकेतील मर्यादा २१०० ते २४०० होती. डी (पुढे जाण्याच्या गिअर) मध्ये १७६० आणि आर (रिव्हर्स) मध्ये १७८० असे आकडे आले. केवळ एकाच गिअरमध्ये आकडा वर गेला असता तर त्या गिअरचा क्लच घसरतो असे मानावे लागले असते, आणि सगळीकडे वर गेला असता तर तेलाच्या दाबाकडे पाहावे लागले असते. दोन्हीकडे सारखाच खाली आल्यास इंजिन किंवा स्टेटर, यांपैकी एक. काही कंपन्यांच्या पुस्तिकांत ६०० आरपीएमपेक्षा जास्त घट असेल तरच कन्व्हर्टरवर संशय घ्यावा असे सांगितलेले असते. माझी घट ३४० होती आणि स्कॅनरवर टर्बोचा दाब चढतच नव्हता. बॉनेटखाली इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागाच्या) रबरी पाइपला जोडाजवळ चीर सापडली, भोवती तेलाचा थर बसलेला. पाइप बदलल्यावर तीच चाचणी पुन्हा केली तेव्हा आकडा २२१० आला. जो कन्व्हर्टर बदलायचा होता, तो निर्दोष होता.

चाचणीचे ८०० रुपये घेतले, पाइपचे वेगळे. तक्रार करायचीच तर दोन गोष्टी आहेत. आकडे मिस्त्रींनी एका जुन्या वहीच्या पानावर लिहिले आणि ते पान त्यांच्याकडेच राहिले. ग्राहकाला सही-तारखेसह कागद मिळायलाच हवा, कारण पुढच्या वेळी तुलना करायला तोच आधार असतो. दुसरे म्हणजे काम एकाच माणसाच्या हाताखाली असल्याने मला दुपारपर्यंत थांबावे लागले, आणि मे महिन्यात धुळ्याच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली थांबणे सोपे नाही.

एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सचा क्लच आपोआप चालवणारी) किंवा ड्युअल-क्लच (दोन क्लचची) गाडीवाल्यांनी मात्र ही चाचणी कोणाकडूनही करून घेऊ नये. त्या गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टर नसतो, आणि ब्रेक दाबून अ‍ॅक्सिलरेटर दिल्यास क्लच प्लेट जळण्याचीच शक्यता जास्त. ज्यांच्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर आहे, त्यांनी आदल्या दिवशी फोन करून सकाळी लवकर पोहोचावे आणि आकड्यांचा कागद मागून घ्यावा.