बाहुलीचा चेहरा: वॉटरकलर पेन्सिल की ॲक्रिलिक?

भाचीने बार्बीचा छापील चेहरा ॲसिटोनने पुसून टाकला आणि विचारलं, "मावशी, आता पेन्सिली घेऊ की ॲक्रिलिक?" पाकिटावरचे दावे बाजूला ठेवूनच सांगते.

चूक सुधारणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दोन्ही डोळे एका पातळीत यायला मी अजूनही पाच-सहा वेळा खोडते. पेन्सिलीची रेघ ओल्या कापसाने पुसली जाते. ॲक्रिलिक बघता बघता सुकतं, मग ते काढताना खालचा थरही खराब होतो.

जिवंतपणाही पेन्सिलीतच. भुवईचा एकेक केस, ओठांवरच्या बारीक चिरा तिनेच जमतात. गालावरची लाली मात्र सॉफ्ट पेस्टलच्या भुकटीची. बुबुळातला पांढरा ठिपका ॲक्रिलिकशिवाय चमकत नाही.

कष्ट आणि खर्च? इथे पेन्सिल हरते. बाहुलीच्या गुळगुळीत व्हिनाइलवर (मऊ प्लास्टिकवर) ती धरतच नाही, म्हणून आधी मॅट सीलर (रंग धरून ठेवणारा, चमक नसलेला स्प्रे) फवारायचा, नंतर प्रत्येक टप्प्याला पुन्हा. ती वाफ फुप्फुसांना घातक, त्यामुळे मोकळ्या हवेत आणि रेस्पिरेटर, म्हणजे रसायनांची वाफ गाळणारा मास्क, लावूनच (साधा कापडी मास्क चालत नाही). मुंबईच्या पावसाळ्यात तर फवारूच नये, दमट हवेत थर पांढुरका पडतो. ॲक्रिलिकला फवारे कमी लागतात आणि रंग टिकतोही जास्त.

बाहुली कपाटात ठेवायची आणि हात बसवायचा असेल तर पेन्सिली, सोबत पांढऱ्या ॲक्रिलिकची एक ट्यूब. ठसठशीत, कार्टूनसारखा चेहरा हवा असेल किंवा सतत फवारायला जागाच नसेल तर ॲक्रिलिक, पाणी घालून पातळ थरांत.