वाचनाचा वेग: क्लास, ॲप, पाहणी की नुसतं भरपूर वाचन?

'मिनिटाला हजार शब्द, आकलन शंभर टक्के' अशी जाहिरात मोबाइलवर आली की स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्याचा अंगठा तिथे थबकतोच. पुस्तकांचा ढीग मोठा आणि दिवस मोजके. वकील, पीएचडी करणारे, अहवालांच्या ढिगाऱ्यात बसलेले सरकारी बाबू, सगळ्यांची तक्रार हीच. उपाय ढोबळमानाने चार मिळतात: वेगवाचनाचा क्लास, शब्द भराभर दाखवणारी ॲप, शिस्तीत केलेली पाहणी, म्हणजे काय सोडायचं ते आधी ठरवून वाचणं, आणि चौथा म्हणजे मुकाट्याने पुष्कळ वाचणं. माझा कल लपवत नाही. वेग अडतो तो समजण्यापाशी, त्यामुळे नुसते डोळे पळवणाऱ्या उपायांकडे मी संशयाने बघतो. का, ते पुढे येईलच.

आधी स्वतःचा आकडा काढा

न वाचलेलं पुस्तक घ्या. दहा ओळींतले शब्द मोजून सरासरी काढा, पानावरच्या ओळींनी गुणा, मोबाइलवर घड्याळ लावून तीन-चार पानं वाचा. मग पुस्तक मिटून काय वाचलं ते कागदावर उतरवा. त्याहून बरं म्हणजे जुन्या प्रश्नपत्रिकेतले उतारे घ्या, प्रश्न आयते मिळतात.

आलेला आकडा इंग्रजीच्या तक्त्याशी ताडू नका. बेल्जियमचे संशोधक मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये १९० अभ्यास एकत्र करून इंग्रजी माहितीपर मजकुराचा सरासरी वेग मिनिटाला २३८ शब्द आणि कथा-कादंबऱ्यांचा २६० शब्द काढला. हे आकडे मोठ्या माणसांचे आणि मनातल्या मनात वाचण्याचे. मराठीत 'घरासमोरच्यांनाही' हा एक शब्द. तेवढंच सांगायला इंग्रजीला चार-पाच शब्द खर्चावे लागतात. तेव्हा मराठीतला आकडा लहान आला म्हणजे तुम्ही संथ वाचता असं नाही.

आणि नुसता वेग लिहून ठेवू नका, शेजारी बरोबर उत्तरंही लिहा. समजा, सहाशे शब्दांचा उतारा आणि पाच प्रश्न आहेत. एकाने तीन मिनिटं घेतली, चार उत्तरं बरोबर. दुसऱ्याने दीड मिनिटात उरकलं, दोन बरोबर. वेग दुप्पट, पण प्रत्येक बरोबर उत्तरामागे दोघांची सारखीच पाऊण मिनिटं गेली. वर दुसऱ्याच्या पदरी तीन चुका. एमपीएससीत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा भाग कापतात, म्हणजे पाऊण प्रश्नाचे गुण तिथेच गेले.

क्लास

या धंद्याची गंगोत्री अमेरिकेत. एव्हलिन वुड या शिक्षिकेने १९५९ मध्ये वेगवाचनाचे वर्ग सुरू केले आणि ते तुफान चालले. पुढे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनीही व्हाइट हाउसमध्ये असा अभ्यासक्रम केला. आज आपल्याकडे ऑनलाइन जे विकलं जातं त्यातलं बरंचसं तिथूनच आलेलं आहे: बोट किंवा पेन ओळीखालून सरकवणं, एका नजरेत शब्दांचा झुबका टिपणं, मागे वळून न बघणं, मनातला आवाज बंद करणं.

एकेक दावा तपासून बघू. वाचताना डोळा ओळीवरून सरळ घसरत जात नाही. तो थांबतो आणि उडी मारतो. एक थांबा साधारण पाव सेकंदाचा आणि इंग्रजीत एक उडी सात ते नऊ अक्षरांची. उजवीकडे चौदा-पंधरा अक्षरांपलीकडचं वाचकाच्या फारसं उपयोगी पडत नाही. ही मर्यादा डोळ्याच्या पडद्याची आहे: बारीक तपशील दिसतो तो मधल्या चिमुकल्या भागालाच. आख्खी ओळ किंवा आख्खा परिच्छेद एका नजरेत 'टिपणं' सरावाने जमत नाही, कितीही फी भरली तरी.

मागे वळण्याचं उदाहरण जास्त बोलकं आहे. इंग्रजी वाचताना डोळ्यांच्या साधारण दहा ते पंधरा टक्के हालचाली मागच्या मजकुराकडे होतात आणि क्लासवाले याला वाईट सवय म्हणतात. २०१४ मध्ये वाचनाचे अभ्यासक कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक प्रयोग केला. वाचून झालेले शब्द पडद्यावर लगेच फुल्यांसारख्या अक्षरांनी झाकले, म्हणजे मागे वळूनही काही दिसू नये. आकलन खाली आलं. हे मागे वळणं गरजेपोटी होत असतं. आता आपल्या भाषेतलं हे वाक्य बघा:

'समितीने सुचवलेल्या सर्व सुधारणा येत्या आर्थिक वर्षापासून लागू करणे शासनाला बंधनकारक आहे, असे या तरतुदीवरून म्हणता येणार नाही.'

मराठीचं क्रियापद शेवटी बसतं आणि नकार त्याच्याही मागे. 'बंधनकारक आहे' इथपर्यंत मनात एक अर्थ पक्का झालेला असतो, शेवटचे तीन शब्द तो उलटा करतात. इथे मागे वळला नाहीत तर शासनावर नसलेलं बंधन घालून तुम्ही पुढे जाल. परिच्छेदातली फक्त पहिली वाक्यं वाचा, ओळीचा मधला भाग बघा, या इंग्रजीवरून आलेल्या युक्त्या मराठीत म्हणूनच जपून वापराव्यात.

मनातला आवाज तर बंद करूच नये. सोप्या मजकुरात तो दाबला तर फारसं बिघडत नाही. पण दोन-तीन वाक्यांचा अर्थ जोडून निष्कर्ष काढायचा असेल तिथे नुकसान होतं, हे १९८० च्या सुमारास प्रयोगांतून दिसलं आहे.

याच काळात जस्ट, कार्पेंटर आणि मॅसन या संशोधकांनी क्लास केलेले वेगवाचक, नुसती वरवर नजर फिरवणारे आणि नेहमीसारखं वाचणारे असे तीन गट समोरासमोर ठेवले. सोप्या मजकुराचा सारांश सांगण्यात वेगवाचक नजर फिरवणाऱ्यांपेक्षा थोडे सरस ठरले. अवघड मजकुरात तो फायदाही उरला नाही. नेहमीसारखं वाचणारे दोघांच्याही पुढे होते. म्हणजे क्लासमध्ये शिकवतात ती बव्हंशी नजर फिरवण्याचीच कला. ती वाईट नाही, पण तिला 'शंभर टक्के आकलन' म्हणू नये. १९९८ मध्ये ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशाच एका वेगवाचन कार्यक्रमाच्या जाहिरातींवर फसव्या दाव्यांबद्दल कारवाई केली होती.

मग काहीच मिळत नाही का? मिळतं. ओळीखालून पेन सरकवल्याने भरकटणारं लक्ष जागेवर राहतं, विशेषतः दुपारच्या जेवणानंतरच्या तासात. रोज ठरावीक वेळ बसायची सवय लागते. या दोन्ही गोष्टी मात्र अभ्यासिकेतल्या टेबलावर फुकटात होतात.

ॲप

ही गोष्ट लवकर आटोपते. पडद्यावर एकाच जागी एकामागून एक शब्द चमकत राहतात. २०१४ मध्ये 'स्प्रिट्झ' या ॲपमुळे या प्रकाराचा गाजावाजा झाला. डोळ्यांच्या उड्यांत वाया जाणारा वेळ वाचतो, हा त्यांचा दावा. पण एक उडी सेकंदाच्या तीस-पस्तिसाव्या भागाच्या आसपास संपते. वेळ जातो तो थांब्यावर, अर्थ लावण्यात. शिवाय मागे वळायची सोयच नाही, आणि ती गेली की काय होतं ते वर आलंच आहे. चार ओळींचा निरोप वाचायला ठीक. संविधानाचं कलम असं वाचायला जाऊ नका.

शब्दाचा सुरुवातीचा भाग ठळक करणारी 'बायॉनिक रीडिंग'ची टूम २०२२ मध्ये आली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिने वेग वाढल्याचं दिसलं नाही. जोडाक्षरं आणि वेलांट्यांच्या देवनागरीत अर्धा शब्द ठळक करणं दिसायलाही विचित्रच.

पाहणी

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण नोकरदार माणसाला सगळ्यात लवकर फळ इथे मिळतं. पाहणी म्हणजे काय सोडायचं ते आधी ठरवून वाचणं. सगळंच अर्धवट वाचण्यापेक्षा थोडं नीट आणि बाकीचं मुद्दाम सोडून देणं.

शासन निर्णय घ्या, ज्याला सगळे जीआरच म्हणतात. त्याचा सांगाडा ठरलेला असतो. वर विषय, मग 'वाचा' या शब्दाखाली जुन्या निर्णयांची आणि पत्रांची यादी, मग 'प्रस्तावना', मग 'शासन निर्णय' हे शीर्षक, आणि शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने'. नवखा माणूस पहिल्या ओळीपासून सुरू करतो आणि प्रस्तावनेतच दमतो. मुरलेला कारकून विषय बघतो, थेट 'शासन निर्णय' या शीर्षकाखाली उतरतो आणि तिथे वेग निम्म्यावर आणतो. 'वगळून', 'तथापि', 'पूर्वलक्षी प्रभावाने', 'या अटीच्या अधीन राहून' असे शब्द दिसले की तो थांबतोच. मग कुठल्या जुन्या निर्णयात बदल झाला ते बघायला 'वाचा'कडे परत जातो. आठ पानांचा जीआर असा पाच-सात मिनिटांत हातावेगळा होतो. इथे डोळे कोणी पळवले नाहीत.

महाराष्ट्राच्या आर्थिक पाहणीचंही तसंच. राज्याच्या अर्थसंकल्पाच्या तोंडावर ती दरवर्षी येते आणि परीक्षार्थी तिच्यावर तुटून पडतात. प्रकरणाचे तक्ते आधी बघावेत, गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी यंदाचा ठेवावा आणि जिथे फरक डोळ्यांत भरतो तिथलाच मजकूर वाचावा.

पाठ्यपुस्तकासाठी याचंच सविस्तर रूप फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ मध्ये ओहायोत मांडलं: आधी वरवर पाहणी, मग मथळ्यांचे प्रश्न करणं, त्यांची उत्तरं शोधत वाचणं, न बघता सांगणं आणि शेवटी फेरआढावा. पाच पायऱ्या कंटाळवाण्या वाटतात. सगळ्या जमत नसतील तर 'न बघता सांगणं' तेवढी सोडू नका. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्याने सुमारे ४२ टक्के आठवला. पुन्हा न वाचता आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. गंमत म्हणजे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारेच पुढे होते. म्हणून तर फेरवाचनाने सगळं आल्यासारखं वाटतं.

पाहणीची मर्यादाही उघड आहे. मजकुराचा सांगाडा ओळखीचा नसेल तर काय सोडायचं ते कळत नाही. कवितेला, कराराला, गणिताच्या सिद्धतेला हा उपाय लागूच नाही.

भरपूर वाचणं

सगळ्यात संथ आणि सगळ्यात टिकाऊ. 'रिझर्व्ह बँकेने रेपो दर जैसे थे ठेवला, मात्र रोख राखीव प्रमाण घटवल्याने बँकांकडील रोकड वाढेल' हे वाक्य अर्थशास्त्र झालेली मुलगी एका दमात वाचते आणि पुढच्या वाक्याचा अंदाजही बांधते. नवखा तीन ठिकाणी अडतो. दोघांचे डोळे सारखेच आहेत. रेक्ट आणि लेस्ली यांनी १९८८ मध्ये अमेरिकेतल्या सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली.

म्हणून एका विषयावरची तीन-चार पुस्तकं सलग वाचा. तिसऱ्याला वेग आपोआप चढलेला दिसेल. मराठी माध्यमातून शिकून इंग्रजीत कायदा किंवा वैद्यक वाचणाऱ्यांचं तर दुखणंच शब्दांचं असतं. त्या विषयाची परिभाषा वहीत उतरवून पाठ केली की वेगाचा निम्मा प्रश्न मिटतो. फळ यायला महिने लागतात, ही याची अडचण. पंधरवड्यावर परीक्षा आलेल्याला हे सांगून उपयोग नाही.

कोणी काय धरावं

परीक्षेला वर्ष आहे? भरपूर वाचन आणि आठवून लिहिणं, बाकी काही नाही. तीन आठवडे उरलेत? मग पाहणी आणि वेळ लावून उतारे. राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या सीसॅट या दुसऱ्या पेपरमध्ये १२० मिनिटांत ८० प्रश्न असतात, म्हणजे उताऱ्यासकट प्रश्नाला दीड मिनिट. तिथे आधी प्रश्न वाचावा की उतारा, यावर अभ्यासिकांत वाद झडतात. दोन्ही करून मोजा आणि ज्यात बरोबर उत्तरं जास्त येतात ते धरा. पात्रतेपुरते ३३ टक्के हवे असताना सगळे उतारे सोडवायचा हट्ट कशाला, हाही हिशेब करा.

कार्यालयातल्या माणसाने पाहणीच शिकावी. कादंबरी वाचणाऱ्याने यातलं काहीच करू नये. शाळकरी मूल अडखळत वाचत असेल तर वेगवाचनाचा क्लास लावू नका. आधी डोळे तपासा, रोज मोठ्याने वाचून घ्या, आणि तरी सुधारलं नाही तर वाचन-अक्षमतेची तपासणी करून घ्या.

एवढं वाचूनही क्लास लावायचाच असेल, तर फी देण्याआधी त्यांच्या चाचणीचे प्रश्न मागा आणि तो उतारा अजिबात न वाचलेल्या मित्राला सोडवायला द्या. मित्राची निम्म्याहून जास्त उत्तरं बरोबर आली, तर 'आकलन ऐंशी टक्के' या प्रमाणपत्राला काय किंमत द्यायची ते ठरवा. प्रश्न द्यायला ते तयारच नसतील, तर ते पैसे पुस्तकांवर घाला.