प्रदूषण क्रेडिटचे चार साचे आणि दाभोळची खाडी

पाण्याच्या प्रदूषणाचं क्रेडिट विकत घ्यायचं म्हणजे काय, तर आधी नदीत किंवा खाडीत दिवसाला एकूण किती किलो घाण चालेल तो आकडा बांधायचा. मग त्याचे वाटे पाडायचे. ज्याला स्वस्तात सफाई जमते तो आपल्या वाट्यापेक्षा कमी सोडतो आणि उरलेला वाटा ज्याला महाग पडतं त्याला विकतो. एकूण आकडा हलत नाही. तो बांधलेलाच नसेल तर पुढचा सगळा व्यवहार पोकळ.

ही व्यवस्था बऱ्याच ठिकाणी वर्षानुवर्षं चालू आहे. त्यातल्या चार योजना कोकणाच्या मापाला लावून पाहिल्या: ऑस्ट्रेलियातली हंटर नदीची, अमेरिकेत कनेक्टिकटची, आपल्याकडची सुरतेची आणि केंद्र सरकारचा ग्रीन क्रेडिट कार्यक्रम. माप घेतलं दाभोळच्या खाडीचं. लोट्याच्या रासायनिक वसाहतीतलं प्रक्रिया केलेलं पाणी करंबवण्याच्या बाजूला या खाडीत येतं, चिपळूणचं सांडपाणी वाशिष्ठीतून येतं, खेडकडून जगबुडी मिळते आणि याच पाण्यात पाग टाकून, डोल लावून (दोन्ही मासे धरायची जाळी) माणसं पोट भरतात.

हंटर: विचार अव्वल, पण जसाच्या तसा उचलू नये

चौघांत सगळ्यात शिकण्यासारखी हीच. १९९५ मध्ये प्रयोग म्हणून सुरू झाली, २००२ मध्ये तिला कायद्याचं बळ मिळालं. तिथे कोळशाच्या खाणी आणि वीजकेंद्रं नदीत खारं पाणी सोडतात आणि त्याच नदीवर शेती आहे. नदीचे वरचा, मधला, खालचा असे टप्पे पाडलेत आणि प्रवाहाच्या तीन अवस्था ठरवल्यात. प्रवाह कमी असेल तर कुणीच काही सोडायचं नाही. जोर असेल तर क्रेडिटच्या हिशोबाने सोडायचं. पूर असेल तर क्रेडिटची अट नाही, पण खारेपणा ९०० मायक्रोसीमेन्सच्या (हे पाण्याच्या विद्युतवाहकतेचं माप) वर जाता कामा नये.

एकूण क्रेडिट १०००. एक क्रेडिट म्हणजे त्या वेळी चालणाऱ्या एकूण मिठाचा हजारावा भाग. यातली खुबी अशी की क्रेडिट किलोत लिहिलेलं नाही, वाट्यात लिहिलेलं आहे. आज किती मीठ झेपेल ते नदीचं पाणी सांगतं, क्रेडिट फक्त त्यातला आपला हिस्सा सांगतं. क्रेडिटची मुदत दहा वर्षांची आणि दर दोन वर्षांनी २०० क्रेडिटचा लिलाव. त्यामुळे नव्या कारखान्याला दार बंद होत नाही आणि जुन्याला वाटा वडिलोपार्जित वाटत नाही.

वाशिष्ठीला ही पद्धत का भावते? कारण हिचा प्रवाह नुसत्या पावसावर नाही. कोयनेचं वीज करून सुटलेलं पाणी कोळकेवाडीकडून वाशिष्ठीत उतरतं. कृष्णा पाणीतंट्याच्या निवाड्यात पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी दिलेलं आहे. वीज किती लागते त्यावर हे पाणी कमीजास्त होतं, म्हणजे उन्हाळ्यातसुद्धा नदीची ताकद एकाच दिवसात बदलते. वर्षभराचा एकच आकडा लिहिलेला परवाना अशा नदीला अपुराच पडणार. चिपळूणपाशी तासातासाला प्रवाह मोजणारं यंत्र बसवून त्यावर दिवसाची मर्यादा ठरवली तर हंटरचं अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं काम भरती-ओहोटीचं, आणि ते हंटरच्या नियमात मिळत नाही. खाडीत ओहोटीने गेलेलं पाणी भरतीबरोबर बरंचसं परत येतं. सांडपाणी सोडायची वेळ भरती उलटल्यावरचे पहिले तीन तास. तेव्हा सोडलेल्या पाण्याला मुखाकडे जायला सगळी ओहोटी मिळते. ओहोटीच्या शेवटी सोडलं तर तेच पाणी तासाभरात वर चढतं आणि वरच्या कोंडीत फिरत राहतं. भरती साधारण दर १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणजे ही वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. पंपावरच्या माणसाला घड्याळ नको, भरतीचं कोष्टक हवं.

याचा खर्च कुणी आधी सांगत नाही, म्हणून आकडा मांडतो. समजा प्रक्रिया केंद्राचं पाणी दिवसाला ४० लाख लिटर, म्हणजे ४००० घनमीटर. दोन ओहोट्यांना तीन-तीन तासच सोडायचं तर मधले साडेनऊ तास पाणी धरून ठेवावं लागतं: सुमारे १६०० घनमीटर. पंप आणि पाइप मात्र सरासरीच्या चौपट ताकदीचे लागतात, कारण तीन तासांत २००० घनमीटर बाहेर काढायचं असतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, भरतीला ओढ नसते आणि खाडी धुतली जात नाही. त्या वेळी दोन दिवस पूर्ण बंद ठेवायचं तर ८००० घनमीटरची टाकी हवी: ४० मीटर लांब, ५० मीटर रुंद, ४ मीटर खोल. जागा सुमारे अर्धा एकर. ही टाकी बांधायची तयारी नसेल तर क्रेडिटची योजना घेऊच नये.

हंटरची पुराची सवलत इथे आणायची नाही, हे ठासून सांगायला हवं. मीठ पुरात पातळ होऊन निघून जातं. रासायनिक सांडपाण्यातला माल पाण्यातला प्राणवायू खातो आणि काही भाग चिखलाला धरून बसतो. पहिल्या पावसाच्या पाण्यात टाक्या रिकाम्या करायची खोड सगळ्या खाडीकाठाला माहीत आहे. पावसाळा हा माशांच्या पैदाशीचा काळ, म्हणूनच राज्यात जून-जुलैमध्ये यांत्रिक मासेमारी बंद असते. पुरात सूट दिली तर त्या खोडीला सरकारी शिक्का मिळेल.

आणखी एक अडचण मोजणीची. हंटर स्वस्तात चालते, कारण खारेपणा विद्युतवाहकतेवरून सेकंदात कळतो आणि ते यंत्र दणकट असतं. खाडीचं पाणी मुळातच खारं, समुद्राची वाहकता ५०,००० मायक्रोसीमेन्सच्या घरात, त्यामुळे तिथे ते यंत्र काही सांगत नाही. सीओडीची, म्हणजे घाण रसायनाने जाळायला किती प्राणवायू लागेल ते मोजायची चाचणीही खाऱ्या पाण्यात फसते: क्लोराइड डायक्रोमेटशी प्रक्रिया करतं आणि आकडा फुगतो. मर्क्युरिक सल्फेट घालून ते दाबतात, पण लिटरला २००० मिलिग्रॅमच्या वर क्लोराइड गेलं की भरवसा राहत नाही. समुद्राच्या पाण्यात ते १९,००० च्या आसपास असतं. म्हणून किलोचा हिशोब खाडीत करायचा नाही, पाइपच्या तोंडाशी करायचा. खाडीत विरघळलेला प्राणवायू मोजायचा.

कनेक्टिकट: नगरपालिकांसाठी बरी

२००२ पासून लाँग आयलंड साउंड या किनाऱ्यालगतच्या समुद्राच्या पट्ट्यात जाणाऱ्या नायट्रोजनसाठी चाललेली योजना. ८० च्या आसपास शहरी सांडपाणी केंद्रं तिच्यात आहेत. खरेदी-विक्री आपसात होत नाही: राज्य एका दराने क्रेडिट घेतं आणि विकतं. बाजार लहान असला की हेच शहाणपणाचं, कारण चार विक्रेते आणि एक गरजू गिऱ्हाईक असं झालं की भाव मनमानी होतो.

उचलावा असा भाग म्हणजे जागेचा गुणक. साउंडपासून लांब सोडलेल्या किलोची किंमत जवळ सोडलेल्या किलोपेक्षा कमी धरतात, कारण वाटेत काही जिरतो. आपल्याकडे हा हिशोब उलटा मांडायला हवा. मुखाजवळची घाण लवकर समुद्रात जाते, वरच्या कोंडीतली अडकते. समजा दाभोळच्या मुखाशी गुणक ०.५ आणि करंबवण्याला १ धरला, तर करंबवण्याच्या कारखान्याला १० किलोची सूट हवी असेल तर मुखाजवळच्या विक्रेत्याकडून २० किलो घ्यावे लागतील. गुणक नसेल तर सगळी घाण एकाच वळणावर गोळा होते आणि कागदावर मात्र बेरीज बरोबर दिसते.

वाड्यांमधल्या शौचटाक्या, भातखाचरं, बागा यांच्याकडून क्रेडिट घ्यायचं असेल तर आणखी जपून. कॅनडात ओंटारिओमधल्या साउथ नेशन नदीवर फॉस्फरसच्या एका किलोला शेतीकडून चार किलो घ्यावे लागतात. जांभ्यातून पाणी झरझर उतरतं आणि शौचटाकीतून किती नायट्रोजन विहिरीत गेला, किती खाडीत, ते कुणी मोजत नाही. चारास एक हे प्रमाण इथेही कमी करू नये.

सुरत: वसुलीसाठी

२०१९ पासून सुरतेत कारखान्यांच्या धुरातल्या कणांचा व्यापार चालतो. विषय पाण्याचा नाही, पण कायदा आपलाच, कारखानदार आपलेच. दीडशेहून जास्त कारखान्यांच्या धुराड्यांवर सतत मोजणारी यंत्रं, दराला खालची-वरची सीमा आणि आधी भरून ठेवलेली अनामत, जिच्यातून तुटीचे पैसे वळते होतात. नोटीस, सुनावणी, तारीख यांत वर्षं जात नाहीत. खाडीच्या योजनेला ही अनामत हवीच.

सांडपाण्याचं यंत्र मात्र धुराड्याच्या यंत्रापेक्षा नाजूक. प्रकाशावर चालणाऱ्या सीओडीच्या काचेवर काही दिवसांत बुळबुळीत थर धरतो. काच पुसली नाही की आकडा हळूहळू सरकतो, आणि सरकताना तो खोटा वाटत नाही. पुसल्याची नोंद, आठवड्याला प्रयोगशाळेचा ताळा, वीज गेली तर बॅटरी, आणि यंत्र बंद पडलेल्या तासांना सगळ्यात वाईट आकडा गृहीत धरायचा. हे शेवटचं कलम नसेल तर यंत्रं नेमकी नको त्या वेळी बंद पडतात.

ग्रीन क्रेडिट: या कामासाठी नको

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नियम आले. यादीत पाणी आहे, कांदळवनही आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत पद्धत आली ती झाडांची: झाडामागे एक क्रेडिट, हेक्टरी किमान ११०० झाडं. कांदळवन वाढवणं चांगलंच, पण त्याचं क्रेडिट दाखवून सीओडीचा किलो माफ करायचा प्रस्ताव कुणी आणला तर ग्रामसभेने तिथेच नाकारावा.

सुरुवात कुठून

आमच्या मते खाडीत थेट बाजार भरवण्याआधी सामाईक प्रक्रिया केंद्राच्या सभासद कारखान्यांत भरवावा. आकारणी पाण्याच्या घनमीटरवर असली की कारखाना पाणी वाचवतो आणि घट्ट माल पाठवतो. बाहेरचा निकष मिलिग्रॅममध्ये असला की पाणी घालून तो गाठता येतो. किलोला दोन्ही पळवाटा बंद होतात. वरच्याच उदाहरणात ४००० घनमीटर गुणिले २५० मिलिग्रॅम म्हणजे दिवसाला १००० किलो सीओडी. हजार वाटे पाडले तर किलोला एक वाटा. प्रत्येक सभासदाच्या जोडचेंबरला प्रवाहमापक आणि कुलूपबंद नमुनायंत्र, टँकरने येणाऱ्या मालाचाही वेगळा नमुना. हंटरसारखी मुदत, सुरतेसारखी अनामत. परवान्यातली मिलिग्रॅमची मर्यादा तशीच राहील: क्रेडिट घेतलं म्हणून ती ओलांडता येणार नाही.

पारा, क्रोमियम, कीटकनाशकांचे अवशेष यांचा व्यापार कुठल्याही दराने नको. अमेरिकेच्या २००३ च्या धोरणानेही शरीरात साठत जाणाऱ्या विषांना या बाजाराबाहेर ठेवलं. बोय मासा पोहून लांब जाईल, पण कालवं खडकाला चिकटलेली असतात, त्यांना पाणी बदलता येत नाही.

आणि एक तपासणी दररोजची. कालवं, तिसऱ्या (शिंपल्या) काढतात त्या पाण्यात, समुद्र-खाडीच्या पाण्याच्या एसडब्ल्यू-१ वर्गाच्या निकषाप्रमाणे, लिटरला किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू हवा. सकाळी अकराला नमुना घेतला तर तो बहुधा भरेल, कारण उन्हात शेवाळं प्राणवायू सोडत असतात. खरी कसोटी पहाटेची, सूर्य उगवण्याआधीची. तेव्हाचा आकडा ५ च्या खाली गेला की त्या दिवशी सगळ्यांची क्रेडिट शून्य, टाकीत पाणी धरायचं. तो आकडा आणि त्या दिवशीची सोडण्याची वेळ जेटीवरच्या फळ्यावर खडूने लिहावी, म्हणजे डोल कधी उचलायची ते होडीवाल्याला आधी कळेल.