प्रोटोबफ की मेसेजपॅक : कापसाच्या काट्यावरचा हिशेब

यवतमाळ जिल्ह्यातील एका जिनिंगच्या वजनकाट्यावरील नोंद पायथॉन भाषेतल्या प्रोग्राममधून निघते आणि तालुक्याच्या सर्व्हरवर जावा भाषेतला प्रोग्राम ती वाचतो. मधले नेटवर्क मात्र हंगामात, विशेषतः दुपारनंतर, जेमतेमच चालते. अशा ठिकाणी प्रत्येक बाइट मोजावा लागतो. म्हणून नोंद बाइटांत बांधून पाठवण्याच्या दोन पद्धतींची, मेसेजपॅक आणि प्रोटोबफ यांची, ही तुलना.

मेसेजपॅकला आधी रकान्यांचा आराखडा लिहावा लागत नाही, त्यामुळे सुरुवात लवकर होते. परंतु नेहमीच्या नाव-मूल्य मांडणीत तो प्रत्येक नोंदीसोबत रकान्याचे नावही पाठवतो. ‘वजन’ हे नाव देवनागरीत ठेवल्यास यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत त्याचे ९ बाइट होतात, त्यावर लांबीचा १, आणि २४५० या आकड्याचे ३, म्हणजे एकूण १३. गूगलने २००८ मध्ये खुल्या केलेल्या प्रोटोबफमध्ये रकान्याला नावाऐवजी क्रमांक जातो; १ ते १५ पर्यंतच्या क्रमांकाला एकच बाइट लागतो, म्हणून तीच नोंद ३ बाइटांत बसते.

याची किंमतही आहे. प्रोटो फाइल, म्हणजे रकाने आणि त्यांचे क्रमांक लिहिलेला आराखडा, दोन्हीकडे जुळती ठेवून प्रत्येक भाषेसाठी कोड तयार करावा लागतो. आमच्याकडे ‘ओलावा’ काढून टाकल्यावर त्याचाच क्रमांक ‘बोरे’ (पोती) या रकान्याला दिला गेला. दोन्ही पूर्णांक असल्याने जुन्या प्रोग्रामने कुरकूर न करता ४० बोऱ्यांचा ४० टक्के ओलावा दाखवला. काढलेला क्रमांक ‘रिझर्व्हड’ लिहून ठेवला असता, तर प्रोटो फाइलवरून कोड तयार करणाऱ्या कंपायलरनेच अडवले असते.

तरीही काट्यासाठी मी प्रोटोबफच निवडीन. रकाने रोज बदलणाऱ्या प्रयोगाला मेसेजपॅक बरा.